जुनी जपानी टू-स्ट्रोक मोटारसायकल: विकत घेताना, वारशाने मिळताना आणि सांभाळताना

घराच्या पडवीत वडिलांची बंद पडलेली यामाहा आरएक्स १०० उभी असते, किंवा एखादा मित्र जाहिरात दाखवतो आणि तरुणपणी हुकलेली गाडी अजून मिळू शकते हे कळते. या दोन्ही वाटांनी जुन्या जपानी मोटारसायकलीकडे येणारे लोक मला सतत भेटतात, आणि बहुतेकांची सुरुवात रंगकाम व सायलेन्सरपासून होते. माझे सांगणे वेगळे आहे. इंजिन कितीही वेळा नव्याने बांधता येते. गाडीची ओळख, म्हणजे तिचे कागद, तिच्यावर ठोकलेले क्रमांक आणि तिचे मूळ भाग, एकदा गेली की परत येत नाही. म्हणून पुढील क्रम मुद्दाम ओळखीपासून सुरू होतो आणि इंजिनाकडे नंतर येतो.

१. कोणती गाडी, हे आधी ठरवा

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडच्या रस्त्यांवर बुलेट, येझदी आणि जुनी राजदूत यांचे राज्य होते. जपानी कंपन्यांशी भागीदारीला परवानगी मिळाली आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. होसूरमध्ये इंड-सुझुकीची एएक्स १०० १९८४ मध्ये आली, हरियाणातील धारूहेरा येथून हिरो होंडाची सीडी १०० १९८५ मध्ये आली, त्याच वर्षाच्या अखेरीस एस्कॉर्ट्सने यामाहाची आरएक्स १०० आणली, आणि १९८६ मध्ये आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोने कावासाकीच्या साथीने केबी १०० बाजारात उतरवली. त्याआधी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्सनेच यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती राजदूत ३५० या नावाने आणली होती.

यांपैकी सीडी १०० ही एकटीच फोर-स्ट्रोक आहे, बाकीच्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर वंगणाचे तेलही जाळणाऱ्या आहेत. तिच्या ९७.२ सीसी इंजिनाचा वंश पुढे स्प्लेंडरमध्ये चालू राहिल्यामुळे तिचे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात, आणि ज्याला जुनी गाडी रोज वापरायची आहे त्याने तिचा गंभीरपणे विचार करावा. आरएक्स १०० ही ९८ सीसीची, सुमारे ११ अश्वशक्तीची आणि जेमतेम १०३ किलो वजनाची गाडी आहे. तिची मागणी सर्वांत जास्त आहे, त्यामुळे भाग भरपूर मिळतात, पण फसवणूकही सर्वाधिक तिच्यातच होते. केबी १०० आणि एएक्स १०० तुलनेने स्वस्त मिळतात, मात्र त्यांच्या भागांसाठी धीर लागतो. राजदूत ३५० नवख्याने पहिली जुनी गाडी म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, सहा गिअर आणि पुढेमागे ड्रम ब्रेक असलेली ही ३४७ सीसीची गाडी सुरुवातीच्या हाय टॉर्क रूपात ३०.५ अश्वशक्ती आणि नंतरच्या लो टॉर्क रूपात २७ अश्वशक्ती देत असे. तिचा क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, उघडून पुन्हा सरळ जोडण्याचे काम प्रत्येक शहरात कोणी करत नाही.

या लेखात मी मुख्यतः आरएक्स १०० समोर ठेवून लिहितो. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्यानंतर आलेल्या आरएक्सजी, आरएक्स १३५ आणि आरएक्सझेड या १३२ सीसीच्या तिच्याच वंशातल्या गाड्या आहेत, आणि पुढील बहुतेक गोष्टी त्यांनाही लागू होतात.

२. गाडी पाहण्याआधी कागद पाहा

विक्रेत्याकडून आधी आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा, फोटो मागवा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी पाहायला जाऊच नका. आरसी हातात आली की पुढील गोष्टी एकेक करून तपासा.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीची नोंद केंद्र सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीवर आहे का. तीन अक्षरी जुन्या मालिकेतील क्रमांक असलेल्या, तसेच नव्वदच्या दशकातील अनेक गाड्यांच्या नोंदी कागदी रजिस्टरमध्येच राहून गेल्या. अशी गाडी एमपरिवहन ॲपवर सापडत नाही. याचा अर्थ ती बनावट आहे असा नव्हे, पण ज्या आरटीओत ती मूळ नोंदली गेली, तेथे बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची संगणकात नोंद, करून घेतल्याशिवाय ती तुमच्या नावावर होणार नाही. हे काम विक्रेत्याकडून व्यवहारापूर्वी करून घ्या. ‘नंतर सहज होते’ या आश्वासनावर पूर्ण रक्कम देऊन बसलेले अनेक जण आजही गाडी वापरू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंदणीची मुदत. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. आरएक्स १०० च्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की तिची मूळ मुदत केव्हाच संपलेली आहे आणि प्रश्न आहे तो शेवटचे नूतनीकरण कधी झाले याचा. विलंबाचा आकार महिन्यागणिक वाढतो, शिवाय महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर द्यावा लागतो. हा थकीत खर्च किंमत ठरवताना वजा करा.

तिसरी गोष्ट म्हणजे कर्जाचा बोजा. १९९० च्या आसपास अनेकांनी गाड्या सहकारी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जावर घेतल्या, कर्ज फेडले, पण आरसीवरचा बोजा उतरवलाच नाही. आज ती संस्था दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते किंवा अवसायनात (कायमची बंद करण्याच्या प्रक्रियेत) निघालेली असते. बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि त्या संस्थेचे ना हरकत पत्र लागते. विलीनीकरण झाले असेल तर ज्या बँकेत विलीन झाली ती बँक, आणि अवसायन चालू असेल तर अवसायक हे पत्र देऊ शकतो. यासाठी फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून आधीच विचारून ठेवा.

चौथी गोष्ट म्हणजे परराज्यातील गाडी. दिल्ली आणि राजधानी परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या अनेक जुन्या गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. किंमत आकर्षक असते. मात्र फॉर्म २८ वरचे ना हरकत प्रमाणपत्र तुमच्याच जिल्ह्याच्या आरटीओच्या नावे काढलेले आहे का, त्याची नोंद ऑनलाइन दिसते का, आणि गाडी तिकडे रद्द नोंदणीच्या यादीत तर गेलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय इसारही देऊ नका. नवख्याने शक्यतो आपल्याच राज्यातील गाडी घ्यावी.

याशिवाय प्रलंबित ई-चलने पाहा, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सुविधेवर गाडी चोरीची नाही ना, तेही तपासा. आरएक्स चोरांची आवडती गाडी आहे.

एक गैरसमज येथेच दूर करतो. ‘व्हिंटेज नोंदणी करून टाकू, मग कटकट नाही’ असे विक्रेते सर्रास सांगतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या वाहनांनाच मिळते, तिची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८५ नंतरची कोणतीही आरएक्स या व्याख्येत आज बसत नाही.

३. गाडीवरचे क्रमांक स्वतः वाचा

आरसीवरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकांशी अंकाअंकाने जुळला पाहिजे. चेसिस क्रमांक हँडलच्या खाली, स्टिअरिंगच्या नळीवर असतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने जागा पुसा, उजेड तिरपा पाडा आणि पेन्सिल घासून कागदावर छाप घ्या. आरटीओतही हीच चेसी प्रिंट मागतात, तेव्हा ती आधीच घेऊन पाहण्यात काही वाया जात नाही.

आरएक्सच्या बाजारात ‘१एल१’ हा उपसर्ग तुमच्या कानावर वारंवार पडेल आणि त्याच्या नावाखाली जास्त पैसे मागितले जातील. उपसर्गाने हुरळून न जाता अक्षरांची खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, आजूबाजूचा पत्रा घासून पातळ केल्यासारखा दिसतो का, हे पाहा. घासून पुन्हा ठोकलेला क्रमांक बोटाला जाणवतो. अशी गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्या, कारण पुढे पोलिसांना उत्तर तुम्हाला द्यायचे आहे.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे आरएक्स १०० च्या चेसिसवर आरएक्स १३५ चे इंजिन. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिलिमीटरच आहे. पहिल्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५८ मिलिमीटर आहे, आणि बाहेरून नवख्याला फरक कळत नाही. आरसीवर ९८ सीसी आणि गाडीत १३२ सीसी असेल तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे. त्याची नोंद नसेल तर नूतनीकरण अडते, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

४. इंजिन थंड असतानाच पाहणी करा

विक्रेत्याला आधीच सांगा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये. पोहोचल्यावर पहिल्यांदा हेडवर हात ठेवा. ते कोमट असेल तर थांबा आणि ते गार होईपर्यंत बाकीची गाडी पाहा.

थंड इंजिनाची किक हाताने हळूहळू दाबून पाहा. चांगल्या कॉम्प्रेशनच्या इंजिनात ती ठाम अडते आणि मग सुटते. सरसर खाली जाणारी किक म्हणजे रिंग-पिस्टन संपत आले आहेत. चोक ओढून दोन-तीन किकमध्ये गाडी सुरू झाली पाहिजे.

धूर पाहून घाबरू नका, पण धूर वाचायला शिका. थंड टू-स्ट्रोकने सुरुवातीला निळसर धूर सोडणे स्वाभाविक आहे, आणि इंजिन तापल्यावर तो बराच कमी झाला पाहिजे. तापल्यावरही दाट पांढुरका धूर येत राहिला, जळक्या गिअर ऑईलचा वास आला आणि गिअर ऑईल वारंवार कमी होते असे मालकाच्या बोलण्यातून निघाले, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑईल सील गेलेले असते आणि इंजिन गिअरबॉक्समधले तेल ओढून जाळत असते. याच्या उलट मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या, वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचे सील गेले तर तिकडून बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होते, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही. ही दुसरी खूण अधिक धोकादायक आहे, कारण पातळ मिश्रणावर चालणारे इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो. सील स्वस्त असते. ते वेळेवर न बदलल्याने जे नुकसान होते ते महाग असते.

मॅग्नेटचे झाकण उघडायला परवानगी मिळाली तर मॅग्नेट धरून वर-खाली हलवून पाहा. तेथे खेळ जाणवला तर क्रँकचे बेअरिंग गेले आहेत. वेग वाढवताना खालून ठकठक ऐकू आली तर कनेक्टिंग रॉडचा खालचा भाग सैल झाला आहे. दोन्ही बाबतींत क्रँक बाहेर काढावाच लागतो, आणि तो खर्च धरूनच किंमत बोला.

बोअर किती वेळा काढला आहे, म्हणजे झिजलेला सिलिंडर घासून किती वेळा मोठा केला आहे, हा प्रश्न अवश्य विचारा. आरएक्स १०० चा मूळ पिस्टन ५० मिलिमीटरचा असतो आणि त्यापुढे पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन बसवत ५१ पर्यंत जाता येते. शेवटच्या मापावर असलेल्या ब्लॉकला पुढच्या वेळी नवीन स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) लागणार हे समजून घ्या.

विक्रेत्याने ‘ऑईल पंप काढून टाकला आहे, पेट्रोलमध्येच तेल मिसळतो, तेच चांगले’ असे सांगितले तर पंप, त्याची केबल आणि तेलाची टाकी जपून ठेवली आहे का ते विचारा. यामाहाची ऑटोल्युब पद्धत ॲक्सिलरेटरच्या प्रमाणात तेल सोडते. ती नीट जुळवलेली असेल तर हाताने मिसळण्यापेक्षा ती अधिक भरवशाची आहे, असे माझे मत आहे.

५. गाडी नावावर करा

व्यवहार ठरला की पैसे आणि कागद एकाच बैठकीत द्या-घ्या. आरसीवर ज्याचे नाव आहे तोच मनुष्य समोर असावा. मध्ये दोन-तीन मालक होऊन गेले आणि कोणीच नाव बदलले नाही, अशी साखळी जुन्या गाड्यांत फार आढळते. आरसीवरील मूळ मालक सापडत नसेल आणि सहीचे कोरे फॉर्म दाखवले जात असतील तर तो व्यवहार करू नये.

लागणारी कागदपत्रे अशी आहेत:

• मूळ आरसी, आणि ती हरवली असल्यास पोलिसांकडील हरवल्याची नोंद व फॉर्म २६ वरून काढलेली दुय्यम प्रत
• विक्रेत्याच्या सहीचा फॉर्म २९, दोन प्रतींत
• दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३०
• दोघांची ओळखपत्रे, आणि खरेदीदाराचा पत्त्याचा पुरावा
• चालू विमा आणि चालू पीयूसी
• चेसी प्रिंट
• बोजा असल्यास फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र
• परजिल्ह्यातील किंवा परराज्यातील गाडी असल्यास फॉर्म २८

राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत देणे कायद्याने अपेक्षित आहे. विमा तुमच्या नावावर करण्यासाठीही १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा.

गाडी वारशाने आली असेल तर फॉर्म वेगळा आहे. मालकाच्या मृत्यूची माहिती वारसाने ३० दिवसांत आरटीओला द्यावी आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यावे, असा नियम आहे. सोबत मृत्यू प्रमाणपत्र, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती द्यावी लागते. घरात दुःखाचे दिवस असताना गाडीच्या कागदांचा विचार कोणालाच सुचत नाही, आणि म्हणूनच वडिलांच्या किंवा काकांच्या नावावरच्या गाड्या वीस-वीस वर्षे तशाच उभ्या राहतात. उशीर झाला असला तरी दंड भरून काम होते. मात्र सर्व भावंडांच्या संमतीचे प्रतिज्ञापत्र आईच्या किंवा थोरल्या भावंडाच्या हयातीतच करून घ्या. पुढच्या पिढीत वारसांची संख्या वाढते, कोणी परदेशात असते, आणि एका सहीसाठी वर्ष जाते.

६. नूतनीकरण, नंबर प्लेट, पीयूसी, विमा

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर होतो आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यावी लागते. त्या दिवशी हॉर्न, पुढचा-मागचा दिवा, ब्रेक लाइट, आरसे आणि इंडिकेटर चालू असले पाहिजेत, सायलेन्सर मूळचा असला पाहिजे आणि रंग आरसीवर लिहिला आहे तोच असला पाहिजे. रंग बदलायचा असल्यास आरटीओची परवानगी घेऊनच बदला.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. तिची मागणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून पुढे जाऊनच नोंदवा, कारण या नावाची बनावट संकेतस्थळे निघालेली आहेत.

पीयूसीची धास्ती बऱ्याच जणांना विनाकारण वाटते. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९००० पीपीएम आहे. सील, रिंग आणि कार्बोरेटर ठीक असलेली आरएक्स या मर्यादेत बसते. बसत नसेल तर ‘जमवून’ प्रमाणपत्र घेण्याऐवजी इंजिनात काय बिघडले आहे ते शोधा, कारण ते यंत्र तुम्हाला फुकट निदान सांगत असते.

विमा बहुधा थर्ड पार्टीच मिळतो. चोरीची भरपाई त्यात नसते, म्हणून हँडल लॉकखेरीज एक जाड साखळी आणि लपवलेला इग्निशन स्विच लावा.

७. पहिल्या काही आठवड्यांतील कामे

गाडी घरी आली की लगेच लांबच्या फेरीला निघू नका. क्रमाने पुढील कामे करून घ्या.

दोन्ही बाजूंची क्रँक सील बदला, जुनी चांगली वाटत असली तरीही. रबर वयाने कडक होते आणि ते बाहेरून दिसत नाही. कार्बोरेटर पूर्ण उघडून जेट फुंकून साफ करा, पण जेटच्या भोकात तार घालू नका, त्याने माप बिघडते. टाकी आतून पाहा. गंज असेल तर तो काढल्याशिवाय पेट्रोल भरू नका. पेट्रोलची नळी, कॉकची वॉशर आणि फ्लोटची पिन बदलून टाका. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुने रबर त्याने फुगते किंवा चिरते, आणि इथेनॉल हवेतील ओल ओढून घेत असल्याने टाकीत पाणी साचते. इथेनॉलला टिकणारी नळी मुद्दाम मागून घ्या.

ऑईल पंपातली हवा काढा आणि पंपाची खूण कार्बोरेटरच्या खुणेशी जुळते का ते मेकॅनिककडून आपल्यासमोर तपासून घ्या. केबल नुसती जोडलेली असणे पुरेसे नाही. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचे, तेल जासो या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी दर्जाचे वापरा, आणि गिअरबॉक्समध्ये ओल्या क्लचला चालणारे जासो एमए दर्जाचे तेल घाला. पंप नसलेल्या गाडीत, तो परत बसेपर्यंत, लिटरला ३० ते ४० मिलिलिटर तेल मोजून मिसळा. अंदाजाने झाकणभर ओतण्याची सवय अनेक इंजिनांना भोवली आहे.

ब्रेकचे लायनर, केबल आणि चाकांचे बेअरिंग पाहा. टायरवरचा चार अंकी आकडा वाचा, त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा राहत नाही. वायरिंगमध्ये चिकटपट्टीचे थर दिसले तर जोडत बसण्यापेक्षा पूर्ण वायरिंग नवे घाला.

यानंतर सायलेन्सरची आतली नळी काढून साचलेला काजळीचा थर साफ करा. ‘गाडी ओढत नाही’ म्हणून बोअर काढायला निघालेल्या कितीतरी गाड्या एवढ्यानेच मोकळ्या होतात.

हत्यारांत चांगल्या प्रतीचे पाने, प्लग पाना, फीलर गेज, मॅग्नेट ओढण्याचा पुलर आणि इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर घरी ठेवा. या गाड्यांच्या झाकणांचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी घासून जातात, आणि मग छिन्नीने स्क्रू काढण्याची वेळ येते.

८. भाग कोठून घ्यावेत

पुण्यात नाना पेठ आणि दिल्लीत करोल बाग येथे जुन्या दुचाकींचे भाग मिळतात. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या, आणि ‘जपानचा ओरिजनल’ या शब्दांवर विश्वास ठेवून किंमत देऊ नका. पाकिटावरचे छापील स्टिकर कोणीही छापते. क्रँक किट, पिस्टन, सील आणि कार्बोरेटर यांवर पैसे वाचवू नका. मडगार्ड, दिव्याची काच, सीट कव्हर हे नव्याने बनवलेले भाग चालतात. कार्बोरेटरच्या बाबतीत माझा सल्ला ठाम आहे: झिजलेला मूळ मिकुनी दुरुस्त करून घेणे हे चकचकीत नकलेपेक्षा बहुतेक वेळा श्रेयस्कर असते.

जुन्या भागाला पर्याय मिळाला तरी मूळ भाग टाकून देऊ नका आणि मेकॅनिककडेही ठेवू नका. मूळ सायलेन्सर, टाकी, मीटर आणि टूलकिट यांना आज स्वतंत्र बाजार आहे, आणि गॅरेजमधून बदलून आलेल्या भागांच्या तक्रारी मी फार ऐकल्या आहेत. काम देण्याआधी गाडीचे सर्व बाजूंनी, क्रमांक दिसतील असे फोटो काढून मेकॅनिकला दाखवून ठेवा.

९. नवी करावी की जपावी

माझ्या मते सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, कारण उत्साह सर्वांत जास्त असतो. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शाबूत असेल तर तो राहू द्या. तो पुसून, पॉलिश करून, गंज थांबवून ठेवता येतो. एकदा खरवडला की कारखान्यातला रंग कोणालाही परत देता येत नाही. रंगवणे अटळच असेल तर चेसिसवर जाड पावडर कोटिंग करताना क्रमांकाची जागा झाकून घ्यायला लावा. कोटिंगखाली बुजलेला क्रमांक निरीक्षकासमोर वाचता आला नाही, तर गाडी कायद्याच्या नजरेत संशयास्पद ठरते.

गाडी घरातली असेल तर आणखी एक काम करा. ज्यांनी ती चालवली त्या माणसांना विचारून एक वही भरा: गाडी कोणत्या वर्षी आणि कोणत्या शहरातून आली, बुकिंग केल्यावर किती महिने थांबावे लागले, पहिला बोअर कधी काढला, कोणत्या मेकॅनिकने काय बदलले, अपघात कोठे झाला. त्यातच खरेदीची पावती, सर्व्हिस पुस्तिका आणि जुने फोटो ठेवा. या नोंदींचा उपयोग आठवणींपुरता नसतो. पिस्टन कोणत्या मापावर आहे, सील कधी बदलले, पुढचा काटा पूर्वी वाकला होता का, हे मेकॅनिकला त्या वहीतूनच कळते. काकांच्या पिढीतील माणसे आहेत तोवर हे विचारून घ्या.

१०. चालवताना आणि पावसाळ्यात

सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका, एक-दोन मिनिटे इंजिनाला तापू द्या. नवा पिस्टन बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर वेग बदलता ठेवा आणि एकाच रेसवर लांब अंतर नेऊ नका.

घाट उतरताना विशेष काळजी घ्या. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलच्या मिश्रणाबरोबर किंवा ॲक्सिलरेटरच्या प्रमाणात मिळते. आंबेनळी किंवा वरंधा घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून खालच्या गिअरवर बराच वेळ उतरत राहिलात, तर इंजिन वेगाने फिरत असते आणि तेल जवळजवळ पोहोचत नसते. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या, आणि उतारावर ब्रेकवर अधिक भर ठेवा. अर्थात त्यासाठी ते ड्रम ब्रेक आधी नीट केलेले असले पाहिजेत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाका, कॉक बंद करा, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी तेल सोडून किक हळूच दोन-चार वेळा फिरवा, सायलेन्सरचे तोंड कापडाने बंद करा आणि गाडी मधल्या स्टँडवर ठेवा. प्लास्टिकचे आच्छादन टाळा, त्याखाली ओल कोंडते. जुनी सुती चादर पुरेशी आहे.

११. नामनिर्देशन करून ठेवा

२०२१ मधील दुरुस्तीपासून वाहनमालकाला आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीची नोंद करता येते. नाव हस्तांतरण किंवा नूतनीकरण करतानाच ही नोंद करून घ्या, त्यासाठी त्या व्यक्तीचे ओळखपत्र द्यावे लागते. अशी नोंद असेल तर मालकाच्या पश्चात गाडी त्या व्यक्तीच्या नावावर करताना फॉर्म ३१ आणि मृत्यू प्रमाणपत्र यांवर बरेचसे काम भागते, आणि वारसांच्या सह्यांसाठी होणारी धावपळ टळते. निवडलेली व्यक्ती गाडी चालवणारी आणि तिची वही पुढे लिहिणारी असावी, आणि मूळ आरसी, टूलकिट व काढून ठेवलेले भाग घरात कोठे आहेत हे तिला आजच दाखवून ठेवा.